बिनव्याजी पैसे

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे. कर्ज. आमच्या पिढीत हा शब्द घरातसुद्धा हळू आवाजात उच्चारत. दुखणं, पगार आणि देणं या तीन गोष्टी भिंतीपलीकडे जाऊ द्यायच्या नाहीत, अशी शिकवण. चाळीची भिंत ती केवढी, पलीकडचं भांडं पडलं तरी आपल्याकडे आवाज, पण तरीही. आताची मुलं 'ईएमआय चालू आहे' असं अगदी सहज सांगतात. मला ते बरं वाटतं. लपवण्यात जी शक्ती जाते ती तरी वाचते.

गेल्या महिन्यात भाच्याच्या मुलाने फोनवर विचारलं, "आजी, चार-पाच ठिकाणचं देणं झालंय. पगार एकच. आधी कुठलं फेडू?" मी म्हटलं, ज्याचं व्याज जास्त ते आधी. उत्तर बरोबर होतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ते मी पुस्तकात शिकले नाही, माझ्या सासूबाईंकडे शिकले. म्हणून आज बसून लिहिते आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. त्या अडीच लाखांत आमचे हे एक. साचेखात्यात होते. मी परळच्या बाजूला एका शाळेत शिक्षिका, म्हणजे आमच्याकडे एक पगार तरी चालू होता. आमच्या मजल्यावरच्या बहुतेक खोल्यांत तोही नव्हता. कितीतरी बिऱ्हाडं गावी गेली, काही परत आलीच नाहीत. संप अधिकृतपणे मागे घेतला असं कधी झालंच नाही. तो नुसता विरत गेला. कुणी कामावर परत गेले, कुणाला घेतलं नाही. ह्यांना घेतलं नाही.

घरात आम्ही पाच माणसं. सासूबाई, आम्ही दोघं, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. शाळेचा पगार पतपेढीचा हप्ता आणि फंड कापून हातात आठशे साठ रुपये येत असे. घरखर्चाची वही सासूबाईंकडे. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. मी बी.ए., बी.एड., पण वही त्यांचीच, आणि ते योग्यच होतं. मी दिवसभर शाळेत, बाजार त्यांच्या हातात. भाव ज्याला माहीत त्यानेच हिशेब लिहावा.

संपाला दीड वर्ष होत आलं तेव्हा, म्हणजे जून १९८३ मध्ये, शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी सासूबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. मुलीलासुद्धा, ती तेव्हा सहा वर्षांची. म्हणाल्या, "देणं किती ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे. नाहीतर एक जण मन मारतो आणि दुसऱ्याला पत्ता नसतो." मग यादी झाली. ती अशी:

शिक्षकांच्या पतपेढीचे राहिलेले चार हजार, वर्षाला बारा टक्के. पेढीवर गहाण ठेवलेल्या दागिन्यांवर घेतलेले तीन हजार, दरमहा शेकडा दोन. मुलाला टायफॉइड झाला तेव्हा गल्लीतल्या एका गृहस्थांकडून घेतलेले दीड हजार, दरमहा शेकडा पाच. किराणावाल्याची उधारी नऊशे. आणि वन्संचे अडीच हजार, बिनव्याजी. एकूण अकरा हजार नऊशे. माझा वर्षभराचा हातात येणारा पगारही त्याहून कमी होता.

आता पाहा, मास्तरणीची सवय जात नाही. सगळे दर एका मापात आणायचे. शेकडा दोन म्हटलं की लहान वाटतं, पण ते महिन्याचं. वर्षाचे चोवीस टक्के. शेकडा पाच म्हणजे वर्षाचे साठ टक्के. पतपेढीच्या चार हजारांवर महिन्याचं व्याज चाळीस रुपये, आणि त्या गृहस्थांच्या फक्त दीड हजारांवर पंचाहत्तर! रक्कम निम्म्याहूनही कमी, व्याज जवळजवळ दुप्पट. घरात मात्र सगळ्यांना भीती चार हजारांची. आकडा मोठा म्हणून. लहान रकमेकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

तेव्हा मी पतपेढीत वाढीव कर्जाचा अर्ज केला, दीड हजारांचा. सासूबाईंना ते पटेना. "कर्ज फेडायला कर्ज? खड्डा बुजवायला दुसरा खड्डा खणायचा?" मी त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. गृहस्थांना आपण महिन्याला पंचाहत्तर देतो आणि मुद्दल जिथल्या तिथे. पतपेढीला पन्नास मुद्दल आणि पंधरा व्याज, पासष्ट द्यायचे. पुढच्या महिन्यात साडेचौसष्ट. मग चौसष्ट. दरमहा आठ आणे कमी कमी होत तीस महिन्यांत सगळं शून्य. तीस महिन्यांचं मिळून व्याज दोनशे साडेबत्तीस रुपये. तेच गृहस्थांकडे ठेवलं तर तीस महिन्यांत बावीसशे पन्नास व्याज जाणार आणि दीड हजार उभेच. सासूबाईंनी ते गणित दोनदा बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "हे आठ आणे कमी होतात ते मला दर महिन्याला दाखवायचे." तीस महिने मी पगाराची चिठ्ठी त्यांना दाखवली.

पतपेढीला दोन जामीन लागत. माझ्या दोन सहकारी शिक्षिकांनी सह्या केल्या. त्यातल्या एकीच्या घरीही गिरणीचाच माणूस बसून होता. तरी तिने सही केली. हप्ता पगारातूनच कापला जाई, त्यामुळे त्यांना झळ लागायचा प्रश्न आला नाही.

उरलेल्या पैशांत घर. भाडं आणि वीज पंचेचाळीस, रेशन आणि किराणा तीनशे तीस, आरेच्या केंद्रावरचं दूध पंचाहत्तर, रॉकेल चाळीस, पास पस्तीस, शाळा-वह्या तीस, औषध पंचवीस. तेल रेशनचं पामतेल. ते मिळालं नाही तर फोडणी थेंबाची.

सासूबाईंच्या वहीत एक गोष्ट होती, जी मी पुढे कुठल्याही जमाखर्चाच्या वहीत पाहिली नाही. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर वाचवलेले पैसे, आणि त्यांच्यापुढे नाव. कोणी सोडलं त्याचं नाव. 'मशेरी – मी.' 'विडीचा एक कट्टा – हा.' 'बस – सूनबाई', कारण मी शाळेत चालत जाऊ लागले. त्या म्हणत, काटकसर हवेतून येत नाही, कोणाच्या तरी ताटातून येते. कोणाच्या, ते दिसलं पाहिजे. बहुतेक घरांत ती घरातल्या बाईच्या ताटातून येते आणि कोणाला दिसत नाही. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरेल ते खायचं, याची नोंद कोणत्या वहीत असते?

आणि त्यांचा नियम असा होता की मुलांचं नाव उजव्या पानावर वर्षातून एकदाच येऊ शकतं. १९८३ मध्ये मुलीचं नाव आलं, शाळेच्या सहलीपुढे. एकाच माणसाचं नाव लागोपाठ तीन महिने आलं तर चौथ्या महिन्यात दुसऱ्याची पाळी. एकदा माझं नाव तीनदा आलं, तेव्हा चौथ्या महिन्यात त्यांनी मला बसच्या पासाचे पैसे हातावर ठेवले. मी नको म्हटलं. म्हणाल्या, "तू नको म्हणशील, म्हणूनच वहीत लिहिते."

ह्यांची कमाई तेव्हा अगदीच बेभरवशाची. कधी भाजी मंडईत हमाली, कधी गोदामावर रात्रपाळी, कधी तीन-तीन आठवडे काही नाही. मानी माणूस, साच्यावर हात बसलेला. घरी बसलेल्या पुरुषाला चाळीत काय ऐकावं लागतं ते लिहीत नाही. सासूबाईंनी त्यांची कमाई घरखर्चात धरलीच नाही. महिन्याचं सगळं माझ्या पगारात बसवायचं, आणि त्यांचे येतील ते पैसे दागिने सोडवण्यासाठी. व्याज माझ्या पगारातून, मुद्दल त्यांच्या हमालीतून. त्यामुळे ज्या महिन्यात पैसे आले नाहीत त्या महिन्यात कोणी त्यांना विचारलं नाही. आणि जेव्हा एकेक डाग सुटून घरी आला, तेव्हा तो त्यांनीच आणला. आधी सासूबाईंची बोरमाळ, मग पाटल्या, शेवटी माझं मंगळसूत्र. तोवर गळ्यात नुसते काळे मणी होते. १९८७ च्या दिवाळीआधी ते घेऊन हे घरी आले, तेव्हा दारातून आत येताना त्यांची चाल गिरणीत जायचे तेव्हासारखी होती.

आजच्या मुलांनाही मी हेच सांगते. ठरलेला पगार ठरलेल्या खर्चाला. बोनस, जादा काम, शिकवण्या असे वरचे येतील ते मुद्दलाला. वरच्या पैशांवर घर चालवू नये. ते आले नाहीत की घर आणि माणूस दोन्ही कोसळतात.

आता वन्संचे पैसे. खरं तर त्यांच्यासाठीच एवढं लिहिलं.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. देवरुखजवळच्या खेड्यात दिलेल्या. सासरी शेती बेताची, माणसं पुष्कळ. संपाच्या पहिल्या पावसाळ्यात त्या मुंबईला आल्या आणि अडीच हजार रुपये सासूबाईंच्या हातात ठेवून गेल्या. काजूच्या बिया विकून, कोंबड्या-अंडी विकून, वर्षानुवर्षं साठवलेले, मुलीच्या लग्नासाठी. व्याजाचं नाव नाही, मुदत नाही, कागद नाही. सासरी मात्र हे सगळ्यांना रुचलं नव्हतं. "गिरणी काय परत उघडतेय? गेले ते पैसे," असं दीर-जावा बोलत. हे आम्हाला गावाहून येणाऱ्यांकडून कळे. वन्सं स्वतः कधी बोलल्या नाहीत.

हिशेबाच्या नियमाने वन्संचं देणं सगळ्यात शेवटी. व्याज शून्य, तर घाई कशाला? शेकडा दोनवाल्याला आधी मोकळं करा. मी यादीत त्यांचं नाव तळाशी लिहिलं होतं. सासूबाईंनी पेन घेतलं आणि त्यापुढे लिहिलं: 'दरमहा २५, चुकवायचे नाहीत.' मी म्हटलं, हे पंचवीस दागिन्यांना लावले तर व्याज वाचेल. त्या म्हणाल्या, "व्याज ती पण भरते आहे. आपल्याला नाही, तिच्या घरात भरते आहे."

वाण्यालाही तसंच. तो व्याज लावत नव्हता, पण संपाच्या पहिल्या सहा महिन्यांत त्याने तांदूळ दिला म्हणून चूल पेटली. त्याला दरमहा पन्नास. अठरा महिन्यांत तो मोकळा झाला. मग त्यातले पंचवीस वन्संकडे वळवले.

मनीऑर्डर पाच तारखेच्या आत जायची. पोस्टातल्या कारकुनाने एकदा भल्यासाठीच सांगितलं, "बाई, पंचवीस पंचवीस काय पाठवता, तीन महिन्यांचे एकदम पाठवा, खेपा वाचतील." मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली. "पोस्टमन दर महिन्याला तिच्या दारात गेला पाहिजे. ओसरीवर सगळे बसलेले असतात. त्याने तिचं नाव घेऊन हाक मारली पाहिजे, आणि सगळ्यांच्या देखत तिच्या हातात नोटा मोजल्या पाहिजेत. तीन महिन्यांत एकदा गेला तर मधले दोन महिने ती खाली मान घालून वाढणार."

मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुराला थोडी जागा असे. सासूबाई सांगत, मी लिही. 'पंचवीस पाठवले आहेत. बरे आहोत.' एवढंच. क्वचित 'नातवाला दुसरा नंबर.' पोचपावतीवर वन्संची सही येई, वाकडी, शाईत बुडालेली. त्या सगळ्या पावत्या सासूबाईंनी दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या.

जून १९८३ पासून अठरा महिने पंचवीस, म्हणजे साडेचारशे. पुढे दरमहा पन्नास, एक्केचाळीस हप्ते. शेवटची मनीऑर्डर एप्रिल १९८८ मध्ये गेली. एकोणसाठ वेळा पोस्टमन त्या दारात गेला. त्याच मे महिन्यात भाचीचं लग्न ठरलं. आम्ही सगळे गेलो. तिथे वन्संच्या एका जावेने मला ओसरीवर बसवून सांगितलं, "तुमची मनीऑर्डर आली की आम्हाला कळायचं, पाच तारीख झाली." मग जरा थांबून म्हणाली, "पुढे पुढे आमच्यापैकी कोणाला पैसे लागले की वहिनीकडेच मागायचो. तिच्याकडे दर महिन्याला येतात म्हणून." म्हणजे ज्या घरात पैसे बुडवले म्हणून त्यांना बोलणी बसली, त्याच घरात त्या पैसेवाल्या झाल्या होत्या.

हे सगळं त्या भाच्याच्या मुलाला फोनवर कसं सांगणार? त्याची यादी मी मग मागवून घेतली. गृहकर्ज, मोबाईलचा हप्ता, एक ॲपवरचं कर्ज, क्रेडिट कार्ड. कार्डाचं व्याज पाहिलं तर महिन्याला साडेतीन टक्के. वर्षाचे बेचाळीस! आमच्या गल्लीतल्या गृहस्थांच्या फार मागे नाही. फरक इतकाच, की ते गृहस्थ दारात येऊन उभे राहत, आणि कार्डाच्या बिलावर 'किमान देय रक्कम' असं सौम्य शब्दांत छापलेलं असतं. तेवढीच भरत राहिलं तर देणं वर्षानुवर्षं सरत नाही. ॲपवाल्यांचा दर 'फ्लॅट' होता. त्यातली मेख अशी, की हप्ते भरत गेलात तरी व्याज मूळच्या पूर्ण रकमेवरच मोजतात. एक लाख तीन वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅटने घेतले तर खरा दर अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. आमच्या पतपेढीचे आठ आणे दरमहा कमी होत, ते इथे होत नाहीत. म्हणून कुठलंही कर्ज घेताना एवढंच विचारावं, की व्याज उरलेल्या मुद्दलावर की पहिल्या?

क्रम त्याला लावून दिला. आधी कार्ड, मग ॲप, गृहकर्ज आपल्या गतीने. मग विचारलं, यादीत नसलेलं काही आहे का? जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, घराच्या पहिल्या रकमेसाठी बाबांनी निवृत्तीच्या पैशांतले चार लाख दिलेत. पण ते काही मागत नाहीत.

मी म्हटलं, ते मागणार नाहीतच. तू दर महिन्याला दोन हजार पाठव. ते नको म्हणतील, तरी पाठव. आणि मोबाईलवरून गुपचूप नको. महिन्यातून एकदा घरी जा आणि आईच्या देखत हातात दे.

त्याने दोन महिने दिले आहेत. त्याच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या भाच्याचा, परवा मला फोन आला. थोडा रागातच होता. "मावशी, पोराला काय शिकवलंस? मला काय गरज आहे?" मी त्याला म्हटलं, गरज नसेल तर साठव, पण घे. मग त्याने हळूच विचारलं, की आईला चष्मा करायचाय बरेच दिवस, यातूनच करू का?

सासूबाई १९९६ मध्ये गेल्या. वही माझ्याकडे आहे. पानं पिवळी पडली, कडा तुटतात, पण अक्षर वाचता येतं. 'मशेरी – मी' ही ओळ त्या वहीत पुढे पाच वर्षं दिसते. कर्ज फिटल्यावर त्यांनी मशेरी पुन्हा सुरू केली का, असं नातेवाईक मंडळींपैकी कोणी विचारेल. केली हो! एप्रिल ८८ ला मनीऑर्डर केली त्याच दिवशी डबी आणली, आणि वहीत खर्चाच्या पानावर लिहिलं, 'मशेरी, एक डबी.' तंबाखू वाईट हे मी शाळेत शिकवत होते, पण त्या दिवशी काही बोलले नाही.

असो. हिशेबाचा तास लांबला. तुमच्या घरी अशी वही कोण लिहीत असे, ते जरूर लिहून कळवा. आणि वन्संच्या सासरच्यांपैकी कोणाकडे पोस्टमनची आठवण असेल तर मला फोनच करा, माझ्याकडे एकाच बाजूची गोष्ट आहे.